हॉर्न वाजत असताना की वाजण्याआधी? ‘स्लो फ्लाइट’च्या नियमाची पार्श्वभूमी

सेसना १५२ किंवा १७२ विमानाच्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक लहानसे भोक असते. उड्डाणाआधीच्या तपासणीत विद्यार्थी त्यावर रुमाल धरतो, तोंड लावतो आणि हवा ओढतो. आतली पत्ती पिपाणीसारखी वाजली, की स्टॉल (वेग कमी होऊन नाक फार वर गेल्याने पंखाची उचल तुटणे) जवळ आल्याचे सांगणारा हॉर्न ठीक आहे असे समजायचे. ‘स्लो फ्लाइट’ म्हणजे मुद्दाम अगदी कमी वेगात उडण्याची कवायत. ती करताना हा हॉर्न वाजत राहावा की नाही, यावर अमेरिकेत २०१६ साली मोठा वाद झाला. तो अजून पुरता मिटलेला नाही.

मूळ प्रश्न मात्र जुना आहे. विद्यार्थ्याला संकटाच्या काठावर नेऊन परत आणायचे, की काठ दिसताच मागे वळायला शिकवायचे? पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला गिरकी (स्पिन: स्टॉल झालेले विमान गोल फिरत खाली येणे) म्हणजे मृत्यू असेच धरले जाई. १९१७ मध्ये इंग्लंडमधल्या गॉस्पोर्टच्या शाळेने विद्यार्थ्याला मुद्दाम गिरकीत नेऊन बाहेर काढायला शिकवले. आज कमर्शियल परवान्याच्या परीक्षेत असलेला ‘शांडेल’ही त्याच काळातला, नावासकट फ्रेंच वैमानिकांचा: चढत चढत १८० अंशांचे वळण घ्यायचे आणि शेवटी स्टॉलच्या जरा वरच्या वेगावर, ठरल्या दिशेच्या १० अंशांच्या आत विमान स्थिर करायचे.

१९४९ मध्ये अमेरिकी नियामकाने प्रशिक्षक सोडून बाकी सर्वांसाठी गिरकीची सक्ती काढली. जीवघेण्या गिरक्या बहुतेक वेळा धावपट्टीजवळ, कमी उंचीवर सुरू होतात. तिथून बाहेर पडायला जागाच उरत नाही. त्यापेक्षा स्टॉल ओळखून टाळायला शिकवावे, हा युक्तिवाद होता. काठापासून मागे घेतलेले ते पहिले पाऊल. दुसरे पाऊल ‘स्लो फ्लाइट’चे.

या शब्दानेच बराच घोळ घातला आहे. जुन्या परीक्षानियमात त्याचा अर्थ असा होता: नाक आणखी वर केले, वळण तीव्र केले किंवा पॉवर कमी केली, तर तत्काळ स्टॉल होईल असा वेग. म्हणजे हॉर्न सतत केकाटत असायचा आणि तशातच वळणे घ्यायची, १०० फुटांच्या आत उंची राखायची. जून २०१६ च्या नव्या नियमाने सांगितले, की हॉर्न वाजता कामा नये; स्टॉलच्या वेगापेक्षा साधारण ५ ते १० नॉट (विमानाच्या वेगाचे एकक) वर राहा. प्रशिक्षक खवळले. ऑगस्टमध्ये खुलासा निघाला, २०१७ मध्ये मजकूर पुन्हा बदलला. जुने वाक्य जवळपास तसेच परत आले, फक्त ‘तत्काळ स्टॉल’च्या जागी ‘स्टॉलची सूचना’ आली. सेसनात हॉर्न स्टॉलच्या ५ ते १० नॉट आधी वाजू लागतो, त्यामुळे या एका बदलाने सगळी कवायत तेवढ्या नॉटांनी वर सरकली. २०१६ आधी आणि नंतर अमेरिकेत शिकून आलेले दोन मराठी वैमानिक आज ‘स्लो फ्लाइट’ म्हणतात, तेव्हा ते दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात.

बदलाला कारण होते. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ एक प्रवासी विमान कोसळून ५० जण गेले. स्टॉलची सूचना मिळताच कॅप्टनने नाक खाली करायच्या ऐवजी कंट्रोल मागे ओढला होता. त्यानंतर प्रशिक्षणात एक गोष्ट ठसवली जाऊ लागली: सूचना मिळाली, की त्याच क्षणी नाक खाली. मग मिनिटेच्या मिनिटे हॉर्नकडे दुर्लक्ष करत उडायला शिकवायचे कसे? या प्रश्नात दम आहे, हे मान्य करावेच लागते.

पण या बदलात शिकण्यातून जे सुटले तेही थोडेथोडके नाही. त्या खालच्या वेगात कंट्रोल ढिले पडतात; हात बराच फिरवावा तेव्हा पंख जरासा हलतो. नाक डावीकडे ओढत राहते, उजवा पाय रडरच्या (शेपटीवरच्या सुकाणूच्या) पेडलवर रोवून धरावा लागतो. आणि आणखी हळू जायचे असेल, तर उंची टिकवायला पॉवर कमी नव्हे, वाढवावी लागते. हे पुस्तकात वाचून पटत नाही, अंगात मुरावे लागते, आणि ५ ते १० नॉट वर ते फिकट जाणवते. मला वाटते, हॉर्न ऐकून दचकणाऱ्यापेक्षा तो कशामुळे वाजतोय हे हातापायांना कळलेला विद्यार्थी धावपट्टीकडे वळताना जास्त भरवशाचा.

प्रायव्हेट परवान्याच्या परीक्षेत पूर्ण स्टॉल अजून करून दाखवावा लागतो, तेव्हा हॉर्न वाजतोच, पण काही सेकंदच. आणि नियम परीक्षेपुरता आहे. धड्यात हॉर्न वाजवू नका असे प्रशिक्षकाला कोणी सांगितलेले नाही. पुरेशा उंचीवर, परीक्षेची कवायत नीट जमली, की तो विद्यार्थ्याला आणखी ५ नॉट कमी करायला सांगू शकतो आणि हॉर्न वाजत असताना एक वळण डावीकडे, एक उजवीकडे करून घेऊ शकतो.