ॲस्परॅगसची परसबागेतील लागवड

ॲस्परॅगस ही ॲस्परॅगेसी कुलातील बहुवर्षायू भाजी असून तिचे शास्त्रीय नाव ॲस्परॅगस ऑफिसिनॅलिस आहे. वसंतात जमिनीतील गड्ड्यातून वर येणारे तिचे कोवळे कोंब खाल्ले जातात. तोडलेल्या कोंबातील साखर काही तासांतच घटू लागते आणि बुडखा चिवट होत जातो, त्यामुळे घरच्या वाफ्यातून थेट स्वयंपाकघरात आलेल्या कोंबाची गोडी बाजारातील जुडीला सहसा येत नाही. ब्रिटन, जर्मनी, नेदरलँड्स आणि अमेरिकेतील हौशी बागाईतदार एवढ्यासाठीच या पिकाला परसातली जागा कायमची देतात. नीट राखलेला वाफा 15 ते 20 वर्षे उत्पन्न देतो.

या पिकाची सगळी मशागत गड्ड्याच्या जीवनक्रमावर बेतलेली असते. गड्डा म्हणजे जमिनीत आडवे वाढणारे खोड. त्यावर कोंबांचे डोळे असतात आणि त्याला जाड, मांसल मुळांचा झुपका असतो. उन्हाळ्यात हिरव्या फांद्यांनी तयार केलेले अन्न या मुळांत फ्रुक्टन या कर्बोदकाच्या रूपाने साठते, हिवाळ्यात वरचा भाग वाळून झाड सुप्तावस्थेत जाते आणि जमिनीचे तापमान 10 अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले की त्या साठ्याच्या बळावर कोंब फुटतात. आज हाती येणारा कोंब गेल्या वर्षीच्या उन्हाचा असतो, आणि तोडलेला प्रत्येक कोंब साठ्यातून तेवढी वजावट करतो.

लागवड बियांपासून करता येते, पण तीत एक वर्ष अधिक जाते. म्हणून बहुतेक जण रोपवाटिकेतून एक वर्ष वयाचे गड्डे आणतात. जागा भरपूर उन्हाची आणि पाण्याचा उत्तम निचरा होणारी हवी. जमिनीचा सामू (आम्लता मोजणारा pH) 6.5 ते 7.5 असावा. बारमाही तणांची मुळे लागवडीपूर्वीच खणून काढावी लागतात, कारण गड्डे एकदा पसरले की त्यांना धक्का न लावता खोल खुरपणी करणे जवळजवळ अशक्य होते. ब्रिटनमधील रूढ पद्धतीत मार्च-एप्रिलमध्ये सुमारे 30 सेंमी रुंद आणि 20 सेंमी खोल चर खणून तळाशी चांगले कुजलेले शेणखत मिसळतात, त्यावर मातीचा थर देऊन चराच्या मधोमध सुमारे 10 सेंमी उंचीचा वरंबा करतात आणि मुळे दोन्ही उतारांवर पसरतील अशा रीतीने 30 ते 45 सेंमी अंतरावर गड्डे बसवतात. डोळ्यांची टोके जेमतेम दिसतील इतपत माती लोटून पाणी देतात. अमेरिकेत चर एकदम न भरता, कोंब वाढतील तशी थोडी थोडी माती लोटण्याची रीत अधिक आढळते. गड्डे हाताळताना मुळे उघड्यावर सुकू देऊ नयेत.

पहिली दोन वर्षे तोडणी न करणे, हा या लागवडीतला सर्वांत कठीण आणि सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. कोंबांना मोकळेपणी वाढू दिले तरच मुळांचा पसारा आणि अन्नसाठा तयार होतो. जोमदार संकरित वाणांची दुसऱ्या वर्षी एक-दोन आठवडे हलकी तोडणी करण्याची शिफारसही आढळते, परंतु वाफा दीर्घकाळ टिकवायचा असेल तर थांबणेच श्रेयस्कर. तिसऱ्या वर्षी सहा आठवडे आणि पुढे दरवर्षी आठ आठवडे तोडणी करतात. कोंब 15 ते 18 सेंमी उंच झाले आणि त्यांची टोके अजून घट्ट मिटलेली असली, की ते जमिनीच्या किंचित खाली धारदार सुरीने कापतात. उबदार दिवसांत त्यांची वाढ इतकी झपाट्याने होते की रोज फेरी मारावी लागते. नवे कोंब पेन्सिलीपेक्षा बारीक येऊ लागले की साठा उतरला असे समजून तोडणी थांबवावी. जर्मनीत हा हंगाम परंपरेने 24 जूनला, संत योहानाच्या दिवशी, संपतो. त्यानंतर झाडाला सावरण्यासाठी उन्हाळ्याचा उरलेला काळ मिळतो. तेथे लोकप्रिय असलेले पांढरे कोंब त्याच वनस्पतीचे असतात. मातीची उंच भर देऊन ते उजेडापासून दूर ठेवलेले असतात.

तोडणीनंतर वाफा माणसाच्या छातीइतक्या उंच, मऊ हिरव्या झुबक्यांनी भरून जातो. या फांद्यांवरील सुईसारखी पर्णकांडे पानांचे काम करतात. त्या हिरव्या असताना छाटणे म्हणजे पुढच्या वर्षीचे पीकच छाटणे होय. शरद ऋतूत त्या पूर्ण पिवळ्या पडल्यावरच जमिनीलगत कापाव्यात आणि वाफ्यावर कंपोस्टचे आच्छादन घालावे. नर आणि मादी झाडे वेगळी असतात. मादी झाडांची शक्ती लाल फळे धरण्यात खर्च होते आणि गळलेल्या बियांची रोपे तणासारखी माजतात. यामुळेच अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात विकसित झालेला ‘जर्सी जायंट’ किंवा डच ‘गिनलिम’ यांसारखे केवळ नर झाडे देणारे संकरित वाण पसंत केले जातात. तांबेरा या बुरशीजन्य रोगाला प्रतिकार करणारा ‘मेरी वॉशिंग्टन’ हा जुना वाण अजूनही लावला जातो. ॲस्परॅगस भुंगेरा कोंबांवर काळी अंडी उभी चिकटवतो आणि वाळलेल्या काड्यांत हिवाळा काढतो, म्हणून कापलेला पाला बागेत पडू देऊ नये. फ्युझेरियम बुरशीमुळे होणारी गड्डाकूज जमिनीत वर्षानुवर्षे राहते, त्यामुळे जुन्या वाफ्याच्या जागी पुन्हा हेच पीक घेऊ नये.

उष्ण प्रदेशात थंडीची विश्रांती मिळत नाही. पेरूच्या वाळवंटी किनारपट्टीत पाणी तोडून झाडाला विसावा देतात, तर थायलंड आणि तैवानमध्ये काही कोंब न तोडता मातृकांडे म्हणून वाढू देतात आणि बाकीचे तोडतात. महाराष्ट्रात परसबागेत हे पीक घ्यायचे झाल्यास पावसाळ्यातील पाणथळपणा हाच मुख्य अडसर ठरतो. भारी काळ्या जमिनीत गड्डे सहज कुजतात, म्हणून उंच गादीवाफा आवश्यक आहे. सह्याद्रीच्या जंगलात आढळणारी काटेरी वेल शतावरी ही याच प्रजातीतील वेगळी जाती, ॲस्परॅगस रॅसिमोसस, असून तिची मुळे आयुर्वेदात वापरली जातात. रोपवाटिकांत ॲस्परॅगस या नावाने मिळणारी कुंडीतील शोभेची झाडेही निराळ्या जातींची असतात. भाजीसाठी ती लावू नयेत.