आमची कोविशील्ड आणि तुमची ॲस्ट्राझेनेका

मे २०२४ मध्ये पुण्याहून मावशीचा फोन आला, तेव्हा तिचा आवाज कापत होता. आपल्या करोना लशीमुळे अगदी क्वचित प्रसंगी रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, हे ॲस्ट्राझेनेका कंपनीने ब्रिटनमधल्या न्यायालयीन कागदपत्रांत मान्य केल्याची बातमी तिने पाहिली होती. "पण ते तुमच्या तिकडच्या लशीचं ना गं? आम्ही तर कोविशील्ड घेतली," ती म्हणाली. घाबरलेल्या माणसाला "तुझीही तीच" असं सांगणं जिवावर येतं. तरी सांगितलं, आणि मग आम्ही तासभर बोलत बसलो.

मी इंग्लंडात लेस्टरला राहते. आई-बाबा आणि मावशी पुण्यात. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत रोज माझ्या दुपारी, म्हणजे तिकडे रात्रीची जेवणं उरकल्यावर, फोनवर दोन देशांची तुलना चालायची. तुमच्याकडे काय उघडलं, आमच्याकडे काय बंद झालं, कुणाला कितवा डोस मिळाला. त्या गप्पांत आम्ही एकाच शब्दाचे दोन अर्थ धरून भांडायचो आणि एकाच वस्तूला दोन नावं आहेत म्हणून तिला दोन वस्तू समजायचो.

लशीपासूनच सुरुवात करते, कारण तो गोंधळ अजून संपलेला नाही. कोविशील्ड आणि ॲस्ट्राझेनेका ही एकच लस आहे. ती ऑक्सफर्ड विद्यापीठात तयार झाली. चिंपांझींना सर्दी करणारा एक विषाणू घेऊन शास्त्रज्ञांनी त्याची वाढण्याची ताकद काढून टाकली आणि करोना विषाणूच्या अंगावर काट्यांसारखं जे प्रथिन असतं, ते बनवण्याची कृती त्याच्यात बसवली. उत्पादनाचे हक्क ॲस्ट्राझेनेकाकडे गेले आणि तिने पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला परवाना दिला. सीरमच्या कुप्यांवर भारतात कोविशील्ड हे नाव लागलं. युरोपात मार्च २०२१ पासून त्याच लशीला व्हॅक्सझेव्हरिया म्हणू लागले. अर्धा मिलिलिटरचा डोस तोच, दोन ते आठ अंशांचा फ्रीजही तोच. वेगळा होता तो कारखाना, आणि कुठल्या देशाच्या नियामकाने कुठल्या कारखान्याला मंजुरी दिली हा हिशेब.

मला पहिला डोस मार्च २०२१ मध्ये मिळाला. इंग्लंडमध्ये पन्नाशीच्या वरच्यांना त्याच महिन्यात बोलावलं गेलं आणि मी बावन्न वर्षांची होते. हातात एक छोटं कार्ड दिलं. त्यावर ॲस्ट्राझेनेका असं लिहिलेलं आणि शेजारी बॅचचा क्रमांक: ४१२०झेड००१. तेव्हा त्या आकड्याकडे माझं लक्षही गेलं नाही. जुलैत वाचलं की ४१२०झेड००१, ००२ आणि ००३ या बॅचेस पुण्याच्या सीरममध्ये बनलेल्या, तिथून ब्रिटनला आलेल्या ५० लाख डोसांमधल्या. मी कार्ड शोधून काढलं आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले. बाबांना जी लस पुण्यात मिळाली तीच, त्यांच्या घरापासून काही किलोमीटरवर कुपीत भरलेली, माझ्या दंडात होती. त्यांच्या प्रमाणपत्रावर कोविशील्ड, माझ्या कार्डावर ॲस्ट्राझेनेका.

त्या बॅचेसची बातमी झाली ती माल्टामुळे. इंग्लंडहून माल्टाला निघालेल्या काही जणांना कार्डावरच्या या क्रमांकांमुळे विमानात चढू दिलं नाही. युरोपच्या औषध नियामकाने सीरमच्या कारखान्यातून आलेल्या लशीला मंजुरी दिलेली नव्हती आणि माल्टा त्या नियामकाच्या मंजुरीच्या यादीवर बोट ठेवून चाललं होतं. ब्रिटनमध्ये दिलेले सगळे डोस एकाच उत्पादनाचे आहेत, त्यांत कोविशील्ड नाही, असं ब्रिटिश सरकार सांगत राहिलं, आणि काही दिवसांनी माल्टाने नियम बदलला. लशीत काहीही उणं नव्हतं. यादीत एका कारखान्याचं नाव नव्हतं, एवढंच.

आता मावशीच्या प्रश्नाकडे. लस एकच, तर धोकाही एकच ना? तत्त्वतः हो. पण त्या धोक्याबद्दल दोन्ही देशांनी जे ठरवलं त्यात मोठा फरक होता, आणि लोकांनी या फरकावरूनच लशी वेगळ्या असल्याचा निष्कर्ष काढला. ब्रिटनने ७ एप्रिल २०२१ रोजी तिशीच्या आतल्यांना, आणि महिनाभराने चाळिशीच्या आतल्यांना, शक्य असेल तर दुसरी लस द्यायचं ठरवलं. भारतात तशी वयाची अट आली नाही. १७ मे २०२१ रोजी लशीनंतरचे दुष्परिणाम तपासणाऱ्या भारताच्या समितीने आपला अहवाल दिला: गुठळ्यांची शंका घेता येईल अशी २६ प्रकरणं, म्हणजे दर दहा लाख डोसांमागे ०.६१. ब्रिटनमध्ये तेव्हा हाच आकडा दहा लाखांमागे ४ सांगितला जात होता. यातला किती फरक खरा आणि किती नोंदींमधला, हे नुसते आकडे समोर ठेवून ठरत नाही, कारण अशी दुर्मीळ गुठळी ओळखायला आधी रुग्ण रुग्णालयात पोहोचावा लागतो आणि तिथे तशी तपासणी व्हावी लागते. आणखी एक गोष्ट: ब्रिटनच्या हाताशी फायझर आणि मॉडर्ना होत्या. भारतात पहिल्या काही महिन्यांत दहातले जवळपास नऊ डोस कोविशील्डचेच होते. तरुणांना ती नाकारली असती तर एप्रिल-मेच्या त्या लाटेत त्यांच्या हाती काय उरलं असतं? मावशीला मी एवढंच म्हटलं, की या गुठळ्या बहुतेक करून डोसनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत होत. तुझ्या डोसला आता तीन वर्षं होतील.

सगळ्यात जास्त वाद झाला तो दोन डोसांमधल्या अंतरावरून, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त शिकण्यासारखंही त्यातच आहे. भारताने सुरुवात ४ ते ६ आठवड्यांनी केली, मार्चमध्ये ते ६ ते ८ केले आणि १३ मे २०२१ रोजी १२ ते १६. ब्रिटनने डिसेंबर २०२० अखेरीसच १२ आठवड्यांपर्यंतचं अंतर स्वीकारलं होतं, आणि १४ मे २०२१ रोजी पन्नाशीच्या वरच्यांसाठी ते ८ आठवड्यांवर आणलं. तारखा पुन्हा पाहा. लस तीच, पुढे डेल्टा म्हणून ओळखला गेलेला विषाणूही तोच, आणि लागोपाठच्या दोन दिवसांत दोन देश विरुद्ध दिशांना गेले. भारताने तर आपल्या निर्णयाला आधार म्हणून ब्रिटनमधल्याच अनुभवाचा हवाला दिला होता.

बाबांनी पहिला डोस मार्चच्या सुरुवातीला घेतला होता. मेच्या पहिल्या आठवड्यात ते दुसऱ्यासाठी गेले आणि साठा संपला म्हणून केंद्रावरून परत आले. पुढच्याच आठवड्यात अंतर वाढल्याची घोषणा झाली. इकडे मला निरोप आला की दुसऱ्या डोसची तारीख अलीकडे घ्या. त्या रात्री फोनवर बाबा म्हणाले, "म्हणजे खरं काय, तुमचे डॉक्टर की आमचे?" मला उत्तर देता आलं नाही.

आज देता येतं. चाचण्यांमध्ये असं दिसलं होतं की अंतर १२ आठवडे किंवा जास्त ठेवलं तर लशीचा परिणाम सुमारे ८१ टक्के, आणि ६ आठवड्यांच्या आत दुसरा डोस दिला तर सुमारे ५५ टक्के. ही माहिती डेल्टाच्या आधीची. मग मे महिन्यात इंग्लंडच्या आरोग्य खात्याने दाखवलं की डेल्टापुढे एका डोसचा उपयोग ३३ टक्के आणि ॲस्ट्राझेनेकाच्या दोन डोसांचा ६० टक्के. म्हणजे लांब अंतराने शेवटी मिळणारं संरक्षण चांगलं, पण मधले तीन-चार महिने माणूस अर्धवट उघडा. ब्रिटनमध्ये पन्नाशीच्या वरच्या बहुतेकांना पहिला डोस मिळून गेला होता, त्यामुळे दुसरा लवकर देणं परवडणारं होतं. भारतात कोट्यवधी ज्येष्ठ पहिल्या डोसचीच वाट पाहत होते. भारताच्या निर्णयामागे शास्त्र होतं हे मी मानते. पण टंचाईही होती, आणि ती सरळ शब्दांत सांगितली असती तर बाबांसारख्यांना आपण फसवले गेलो असं वाटलं नसतं. परदेशी शिक्षण किंवा नोकरीसाठी निघालेल्यांना जूनपासून २८ दिवसांनीच दुसरा डोस मिळू लागला, तेव्हा तर बाबांचा संताप अनावर झाला होता.

असाच एक गोंधळ होता "लस खुली झाली" या शब्दांचा. भारतात १८ वर्षांवरच्या सगळ्यांसाठी लसीकरण १ मे २०२१ रोजी खुलं झालं. इंग्लंडमध्ये १८ जून रोजी. तारखांवर जायचं तर भारत सात आठवडे पुढे. पण इकडे वय जाहीर झालं की निरोप यायचा आणि वेळ मिळायची. तिकडे माझी भाची कोविन या लशीच्या नोंदणीच्या संकेतस्थळावर रोज बोटं तयार ठेवून बसायची आणि स्लॉट उघडताक्षणी भरलेले असायचे. मेच्या मध्यावर महाराष्ट्राला १८ ते ४४ या गटाचं लसीकरण थांबवून ते डोस ४५ वरच्यांच्या दुसऱ्या डोसकडे वळवावे लागले. पात्र ठरणं आणि मिळणं यांत तिच्यासाठी अडीच महिने गेले.

मग आकडे. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी भारताने १०० कोटी डोस पूर्ण केले. बाबा त्या दिवशी फार खूश होते, आणि त्यांनी खूश असावं असंच ते काम होतं. त्याआधी १७ सप्टेंबरला एका दिवसात अडीच कोटी डोस दिले गेले, म्हणजे ब्रिटनच्या लोकसंख्येच्या एक तृतीयांशाहून जास्त. पण डोस म्हणजे माणसं नव्हेत. त्या १०० कोटींत साधारण ७१ कोटी पहिले डोस होते आणि २९ कोटी दुसरे. बातम्यांत ७५ टक्के आणि ३१ टक्के यायचं ते प्रौढांपैकी. लहान मुलांसह अख्खी लोकसंख्या धरली तर निम्म्यांना एक डोस आणि पाचांतल्या एकाला दोन. ब्रिटनचे त्याच सुमाराचे ८६ आणि ७९ टक्के हे बारा वर्षांवरच्यांपैकी; सगळ्या लोकसंख्येत ते साधारण पाऊण आणि दोन तृतीयांश भरत. भारताचा दुसऱ्या डोसचा आकडा एवढा मागे दिसायचं एक कारण तर ते १२ आठवड्यांचं अंतरच: ऑगस्टमध्ये ज्यांनी कोविशील्डचा पहिला डोस घेतला, त्यांना २१ ऑक्टोबरपर्यंत दुसरा मिळूच शकत नव्हता.

लॉकडाउनबद्दल थोडक्यात. शब्द एकच, दिवसही जवळजवळ एकच: ब्रिटनमध्ये २३ मार्च २०२० च्या रात्री घोषणा, भारतात २४ च्या रात्री. मला रोज एकदा व्यायामासाठी बाहेर पडता येत होतं. आईच्या सोसायटीचं फाटकच बंद. त्यामुळे तिला वाटायचं आम्ही मोकळे आहोत. पण मी तलावाभोवती एकटी चालायचे आणि कुणाच्या उंबऱ्यात पाऊल टाकायची मुभा नव्हती. लेस्टरवर तर जून २०२० अखेरीस, बाकी इंग्लंड उघडत असताना, देशातला पहिला स्थानिक लॉकडाउन आला. आई मात्र जिन्यात शेजारणींशी बोलायची, पलीकडच्या घरातून वाटीभर आमटी यायची. आम्ही दोघी एकमेकींची कीव करायचो. लाटाही पुढे-मागे आल्या: १२ एप्रिल २०२१ रोजी इथली दुकानं आणि केशकर्तनालयं उघडली, १४ तारखेच्या रात्री महाराष्ट्र बंद झाला. त्या आठवड्यात मला केस कापून घेण्याचीही लाज वाटली. २३ एप्रिलपासून भारत ब्रिटनच्या लाल यादीत गेला आणि तिकडे जाऊन परतायचं तर हॉटेलातल्या दहा दिवसांच्या सक्तीच्या विलगीकरणासाठी १,७५० पौंड मोजायला लागणार होते. मी गेले नाही.

ऑगस्टमध्ये भारत लाल यादीतून बाहेर आला. पण सप्टेंबरमध्ये ब्रिटनने जाहीर केलेल्या नव्या नियमांत भारतात लस घेतलेले लोक लस न घेतलेल्यांसारखे धरले गेले. वर सांगितलेली सगळी हकीकत ध्यानात घेतली तर हे किती विचित्र होतं ते कळेल. विरोध झाल्यावर कोविशील्ड हे नाव यादीत घातलं गेलं, पण मग प्रमाणपत्रावर अडलं. कोविनच्या प्रमाणपत्रावर पूर्ण जन्मतारीख नव्हती. भारतानेही ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिश नागरिकांना दहा दिवसांचं विलगीकरण लावलं. ११ ऑक्टोबरला ब्रिटनने अट काढली, १३ ला भारताने.

बाबांनी भाचीकडून कोविनवर पूर्ण जन्मतारखेची नवी प्रमाणपत्रं काढून घेतली आणि दोन्हींच्या चार-चार प्रती केल्या. नोव्हेंबरच्या मध्यावर आई-बाबा हीथ्रोला उतरले. विलगीकरण नाही, दुसऱ्या दिवसापर्यंत एक साधी चाचणी. घरी आल्यावर बाबांनी माझं कार्ड मागितलं, चष्मा लावून बॅचचा क्रमांक मोठ्याने वाचला आणि आपल्या प्रमाणपत्राशेजारी टेबलावर ठेवलं.