कपाळावरच्या आठ्या: सुईआधी पापण्या तपासा

कपाळावर आडव्या आठ्या पाडणारा स्नायू एकच, फ्रंटॅलिस. त्याचे तंतू उभे असतात. वरचं टोक टाळूवरच्या चिवट पडद्यात, खालचं भुवयांच्या त्वचेत. हाडाला तो कुठेच धरलेला नाही. तो आखडला की भुवया वर जातात आणि कातडी तंतूंच्या काटकोनात, म्हणजे आडवी दुमडते. भुवई उचलणारा हा एकटाच, खाली ओढणारे मात्र अनेक. उपचाराचं सगळं गणित इथेच आहे.

तरुणपणी भुवई खाली आली की आठी मोडते. पुढे कोलॅजन, म्हणजे कातडीला ताठ ठेवणारं प्रथिन, कमी होतं आणि चेहरा शांत असतानाही रेघ राहते. वयाइतकाच यात उन्हाचा हात असतो. बेळगाव सुमारे 750 मीटर उंचीवर, हवा थंड, म्हणून इथलं ऊन बाधत नाही असं अनेकांना वाटतं. पण अतिनील किरणांचा हवेच्या गारव्याशी संबंध नाही. खानापूरकडे भातलावणीच्या दिवसांत आभाळ भरलेलं असतं, तरी अतिनील-अ किरण ढगांतून बऱ्यापैकी खाली येतात. निपाणी-चिकोडीच्या शिवारात डोक्यावर गांधी टोपी दिसते, तिची सावली कपाळावर पडत नाही. चार बोटं काठ असलेली टोपी किंवा पुढे ओढलेला पदर जास्त उपयोगी.

उपचाराआधी एक तपासणी घरीच करा. आरशासमोर डोळे मिटा, कपाळ सैल सोडा, भुवया बोटांनी जागच्या जागी हलक्या दाबून धरा आणि डोळे उघडा. पापणी बुबुळाच्या मधल्या काळ्या भागावर येत असेल, तर तुमचं कपाळ दिवसभर पापण्या उचलून धरतंय. अशा माणसाचा फ्रंटॅलिस बोटॉक्सच्या, म्हणजे स्नायू सैल करणाऱ्या औषधाच्या, सुईने सैल केला तर आठ्या जातील, पण पापण्या डोळ्यांवर उतरतील. त्याने आधी नेत्रतज्ज्ञ गाठावा. पापणी संध्याकाळी जास्त पडत असेल, एकाऐवजी दोन दिसत असतील, तर मायस्थेनिया ग्रेव्हिस हा स्नायू लवकर थकवणारा आजार असू शकतो. त्यात बोटॉक्स घेऊ नये.

रोजच्या उपायांत सनस्क्रीन पहिलं. एसपीएफ 30 किंवा जास्त, चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांवर मावेल इतकं, बाहेर पडण्याआधी 15 मिनिटं. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. घामाबरोबर डोळ्यांत उतरून चुरचुरत असेल तर झिंक ऑक्साइडचं घ्या. रात्री ट्रेटिनॉइन हे अ जीवनसत्त्वाच्या जातीचं मलम, 0.025 टक्के, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच, वाटाण्याएवढं पूर्ण चेहऱ्याला. तोंड धुऊन 20 मिनिटं कोरडं होऊ द्या, सुरुवातीला आठवड्यातून दोनच रात्री. घाईने रोज लावलं की कातडी सोलते, आणि आपल्या सावळ्या-गव्हाळ वर्णावर त्याचे काळे डाग महिनोन् महिने राहतात. सोललेल्या जागी टिकली चिकटवू नका. फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात. गरोदरपणात किंवा तसा विचार असताना हे औषध वर्ज्य. दुकानात सहज मिळणाऱ्या गोरेपणाच्या क्रीममध्ये स्टेरॉइड असेल तर कातडी उलट पातळ होते. भुवया वर-खाली करण्याचे चेहऱ्याचे व्यायामही नकोत, ती आठ्यांचीच घडी घालणं आहे.

बोटॉक्स नसेतून स्नायूला जाणारा निरोप अडवतं. प्रमाणित मात्रा कपाळावर पाच ठिकाणी चार-चार, म्हणजे 20 युनिट, आणि सोबत दोन भुवयांमध्ये आणखी 20. तिथे का? उचलणाऱ्याला एकट्याला सैल केलं तर ओढणारे जिंकतात आणि भुवया खाली येतात. सुई भुवईच्या फार जवळ टोचली तरी तेच होतं, आणि त्यावर उतारा नाही. काही आठवडे थांबावं लागतं. दुसऱ्या कंपनीच्या औषधाचं युनिट वेगळं असतं, म्हणून नाव आणि मात्रा लिहून घ्या. परिणाम तीन-चार दिवसांत सुरू, दोन आठवड्यांत पूर्ण, तीन-चार महिने टिकतो. खोल रेघेत फिलर, म्हणजे कातडीखाली टोचून भरायचं जेल, भरणं मात्र जोखमीचं. ते डोळ्याकडच्या रक्तवाहिनीत गेलं तर दृष्टी जाऊ शकते. पार्लरमध्ये यातलं काहीच करून घेऊ नका.

आणि एकाच बाजूच्या आठ्या अचानक पुसल्या गेल्या, तो डोळा नीट मिटेना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. हा बहुधा चेहऱ्याच्या नसेचा लकवा असतो आणि स्टेरॉइडच्या गोळ्या पहिल्या 72 तासांत सुरू झाल्या तर जास्त गुण येतो.