मत इथलं, पैसा तिथला

अमेरिकेतलं मेन हे छोटं राज्य, वस्ती जेमतेम चौदा लाख. 2020 च्या सिनेट निवडणुकीत तिथल्या डेमोक्रॅटिक उमेदवार सारा गिडियन यांच्याकडे देशभरातून इतका पैसा आला, की जाहिरातींवर ओतूनही तो संपेना. शेवटी त्या साडेआठ टक्क्यांनी हरल्या आणि सुमारे दीड कोटी डॉलर तसेच पडून राहिले. त्याच वर्षी साउथ कॅरोलायनात जेमी हॅरिसन यांनी एका तिमाहीत 5 कोटी 70 लाख डॉलर जमवले. सिनेटच्या उमेदवारासाठी तो तेव्हाचा विक्रम होता. तेही दहा टक्क्यांनी पडले.

म्हणून ‘बाहेरच्या पैशाने जागा विकत घेतात’ ही ओरड मला जरा फुगवलेली वाटते. एकच जाहिरात विसाव्यांदा पाहून कुणाचं मत फिरतं? खरी गोम निकालानंतर आहे. निवडून आलेला माणूस ऐकतो कुणाचं?

हे तपासता येतं, कारण तिथे उमेदवाराला 200 डॉलरच्या वर देणगी दिली, की देणाऱ्याचं नाव, पत्ता, व्यवसाय जाहीर होतो. पत्त्यातल्या पिनकोडवरून पैसा कुठून निघाला ते नकाशावर दिसतं. उगम बहुधा मोजक्या श्रीमंत, सुशिक्षित वस्त्यांत सापडतो. ब्रँडिस केन्स-रोन आणि केनेथ मिलर या राज्यशास्त्रज्ञांनी 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुढची पायरी गाठली. प्रतिनिधीगृहातल्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहातल्या, सदस्यांनी विधेयकांवर दिलेली मतं त्यांनी देशभरातल्या देणगीदारांच्या मतांशी ताडून पाहिली. बाहेरच्या पैशावर सदस्याची भिस्त जितकी जास्त, तितका त्याचा कौल या देणगीदारांकडे झुकलेला दिसला.

पण पैसा आला म्हणून सदस्य झुकला, की तो मुळातच तसा होता म्हणून पैसा आला? औषधाच्या चाचणीत चिठ्ठ्या टाकून गट पाडतात, तशा देणग्या वाटता येत नाहीत. त्यामुळे हा गुंता पुरता सुटत नाही.

अलास्काने थेट कायदाच केला होता. राज्याच्या प्रतिनिधीगृहाच्या उमेदवाराने परराज्यातल्या सगळ्यांकडून मिळून वर्षाला 3,000 डॉलरच घ्यायचे. 2018 मध्ये अपील न्यायालयाने ही मर्यादा रद्द केली. देणगीच्या बदल्यात काम करून देणं हा भ्रष्टाचार आणि तो रोखायला मर्यादा चालते; बाहेरच्यांचा नुसता प्रभाव वाढणं त्यात बसत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं.