वाचनाचा तास नक्की किती मिनिटांचा

पोरांना वाचता येत नाही ही ओरड आजची नाही, पण ती आकड्यात बोलायला लागली 2005 नंतर, घरोघरी जाऊन पोराच्या हातात दुसरीचा उतारा द्यायची पाहणी सुरू झाली तेव्हापासून. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा पोरगं शाळेत आलं का एवढाच प्रश्न होता.

सगळा घोळ 'तास' या शब्दात आहे. 2010 ला लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाला 200 दिवस आणि 800 तास, म्हणजे दिवसाला चार. पण कसले तास? वेळापत्रकातले, गुरुजी वर्गात असतात ते, का पोराची नजर ओळीवर असते ते? अमेरिकेत 1963 लाच एकानं मांडलं होतं की शिकायला लागणारा वेळ आणि खरोखर मिळालेला वेळ यावर सगळं ठरतं. आपल्याकडं मात्र तास भरला की काम झालं. हिशोब करून बघा, 40 मिनिटांची तासिका, 30 पोरं, त्यात हजेरी आणि पुस्तकं काढायची गडबड, मोठ्यानं वाचायला एकाला मिनिटसुद्धा येत नाही, आणि मधेच गुरुजींना कसली तरी माहिती ऑनलाइन भरायची असते ती वेगळीच.

पद्धतीचं म्हणाल तर आधी बाराखडी घोकणं, मग शब्दावरून आणि वाक्यावरून अक्षराकडं, मग 2015 च्या आसपास ज्ञानरचनावाद आला, म्हणजे पोरानं स्वतः करून बघत शिकायचं, आणि त्यासाठी वर्गाच्या फरशा ऑइलपेंटनं रंगल्या. दिसायला झक्कास. पण अख्खा धडा धडाधड म्हणणाऱ्या पोराच्या पुस्तकात मधल्याच एका शब्दावर बोट ठेवा, 'क्रम' आणि 'कर्म' मधे अडकतंय की नाही बघा. मराठीत बहुतेक अक्षर लिहिल्यासारखंच वाचतात, म्हणून बाराखडीला एवढं टाकाऊ ठरवायची गरज नव्हती असं आपलं माझं मत.

2021 पासून केंद्राच्या 'निपुण भारत' मोहिमेत तिसरीच्या पोरानं मिनिटाला किमान 60 शब्द वाचायचे असं ठरलंय, म्हणजे हातात घड्याळ आलं, आणि वेगाच्या नादात समजलं का हे विचारायचं राहतंय. 2024 ला तर चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नका असं राज्य सरकारचं फर्मान निघालं, कारण पोरांची झोप. कारण पटण्यासारखंच आहे, पण एकाच इमारतीत दोन शिफ्ट भरतात तिथं दुपारची पोरं आत कधी घ्यायची यावरनं पालक, रिक्षामामा आणि शाळा यांचं जुंपलंय.