मोल्सवर्थ : कोशाआधीचं गाव

अडलेल्या शब्दासाठी ‘मोल्सवर्थ काढा’ असं मराठीत सहज म्हटलं जातं. मराठी-इंग्रजी कोशाचं नाव झालेलं हे आडनाव मुळात एका खेड्याचं आहे. इंग्लंडच्या जुन्या हंटिंग्डनशर परगण्यातलं (1974 पासून केंब्रिजशर) हे खेडं 1086 च्या डूम्सडे या जमिनींच्या सरकारी नोंदवहीत ‘मोल्सवर्ड’ असं सापडतं.

त्याची फोड करताना दोन चुका हटकून होतात. पहिली, ‘मोल’ म्हणजे चिचुंद्रीसारखा तो बिळातला प्राणी समजण्याची. दुसरी, ‘वर्थ’चा अर्थ किंमत घेण्याची. जुन्या इंग्रजीत ‘वर्थ’ म्हणजे कुंपण घातलेली वस्ती, आपली वाडीच. आणि ‘मोल’ हे मुळात ‘मूल’, माणसाचं नाव. केंटचा राजा मूल 687 मध्ये जाळून मारला गेला (गाव त्याचं नव्हे, नाव तेवढं तेच). मधला ‘स’ षष्ठीचा. एकूण, मूलची वाडी. वर्ड्‌सवर्थ, बटरवर्थ यांतही हाच ‘वर्थ’ आहे.

आपण गावाला ‘कर’ जोडतो; इंग्रजांनी गावाचं नाव जसंच्या तसं उचललं. गाव सोडलेल्या माणसालाच अशी ओळख लागते, म्हणून एका गावातून निघालेली, रक्ताचं नातं नसलेली घराणीही हेच आडनाव लावू शकतात. वंशावळ जुळवताना इथेच घसरायला होतं.

डब्लिनमधली मोल्सवर्थ स्ट्रीट आयर्लंडमधल्या शाखेची. तिथला पहिला व्हायकाउंट (उमरावाचा एक किताब) रॉबर्ट (1656–1725) याने डेन्मार्कच्या अनियंत्रित राजसत्तेवर लिहिलेलं पुस्तक गाजलं. त्याचा मुलगा रिचर्ड याने 1706 मध्ये रामिलीच्या लढाईत घोड्यावरून पडलेल्या सेनापती मार्लबरोला आपला घोडा दिला. कॉर्नवॉलमधल्या पेन्कॅरोच्या शाखेतल्या सर विल्यम यांनी तत्त्वज्ञ हॉब्जचे ग्रंथ संपादित केले आणि 1855 मध्ये ते वसाहतमंत्री झाले. बालसाहित्यिका मिसेस मोल्सवर्थ यांचं आडनाव मात्र सासरचं.

आपले मोल्सवर्थ, म्हणजे जेम्स थॉमस, कंपनीच्या लष्करातले अधिकारी. जॉर्ज आणि टॉमस कँडी या जुळ्या भावांच्या मदतीने आणि शास्त्रीमंडळींना बरोबर घेऊन त्यांनी 1831 मध्ये मराठी-इंग्रजी कोश काढला. पुढे धर्मश्रद्धेपायी लष्कर सोडलं, मायदेशी गेले, आणि कोशासाठी परत आले. 1857 च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्द सुमारे 40 हजारांवरून 60 हजारांवर गेले. आज हाताशी असते ती बहुधा हीच.