उरलेल्या जिन्नसांची साठवण

उरलेल्या जिन्नसांची साठवण : स्वयंपाकात अर्धवट वापरलेले, चिरलेले, शिजवलेले किंवा सीलबंद डब्यातून काढलेले जिन्नस पुन्हा वापरेपर्यंत बाधणार नाहीत अशा रीतीने घरात ठेवण्याची पद्धत. टोमॅटोला साल असते, अंड्याला कवच असते, डबाबंद मटाराला सील असते. सुरी लागली किंवा सील फुटले की हे संरक्षण जाते, आतला ओलावा उघडा पडतो आणि हात, चमचा, चॉपिंग बोर्ड यांवरचे सूक्ष्मजीव आत शिरतात. म्हणून दूध, क्रीम, सॉस अशा नाशवंत मालाच्या पाकिटावरची मुदत सील शाबूत असेपर्यंतच खरी. पुढची मोजणी उघडल्या दिवसापासून करायची.

अन्न विटणे वेगळे आणि अन्न बाधणे वेगळे. घरोघरी घोटाळा होतो तो इथेच. आंबूस वास, सुटलेली तार, बुळबुळीतपणा हे कुजवणाऱ्या जीवाणूंचे काम. साल्मोनेला किंवा लिस्टेरियासारखे आजार आणणारे जीवाणू मात्र वास, चव, रंग न बदलताही वाढू शकतात. त्यामुळे ‘वास तर बरा आहे’ यावर विसंबू नये, आणि शंका असलेला घास चाखून तर मुळीच पाहू नये. विश्वास ठेवायचा तो घड्याळावर आणि तापमानावर.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली प्रसृत केलेल्या सुरक्षित अन्नाच्या पाच सूत्रांत ५ ते ६० अंश सेल्सिअस हा पट्टा धोक्याचा मानला आहे. पोषक वातावरणात काही जीवाणू २० मिनिटांत दुप्पट होतात. या वेगाने एकाचे सात तासांत वीस लाखांहून अधिक होतात. शिजवलेले अन्न आणि चिरलेल्या नाशवंत वस्तू दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जाव्यात असा दंडक आहे तो यासाठी. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास धरावा.

पातेले बाहेरून गार लागले म्हणजे आतले अन्न गार झाले असे नव्हे. सुपाने भरलेल्या मोठ्या पातेल्यात तासाभराने डाव खोल घालून ढवळले की मधून पुन्हा वाफ वर येते. तळाचा आणि मधला भाग कोमटच असतो. अशा कोमट, हवा न पोचणाऱ्या भागात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा जीवाणू फोफावतो. उपाय अगदी साधा : अन्न सुमारे ५ सेंटिमीटर उंचीच्या थरात पसरट डब्यांत वाटून ठेवावे. वाफ गेल्यावर ते फ्रीजमध्ये सरकवायला हरकत नाही, पुरते थंड होण्याची वाट पाहू नये.

बाहेर राहिलेला शिळा भात नीट परतला की चालतो, हा गैरसमज तर फार खोलवर रुजलेला आहे. बॅसिलस सेरियस या जीवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची कवचातली सुप्त रूपे, शिजवूनही मरत नाहीत. भात बाहेर राहिला की ते रुजतात, आणि उलटी आणणारे त्यांचे विष एकदा तयार झाले की गरम करून नष्ट होत नाही. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात सकाळी कितीही परतला तरी सुरक्षित होत नाही. वेळेत फ्रीजमध्ये ठेवलेले अन्न मात्र मध्यभागापर्यंत ७० अंशांच्या वर, वाफाळेपर्यंत, गरम करून खाता येते.

तेलात बुडवलेला सोललेला लसूण हा दिसायला निरुपद्रवी, पण खरोखर जपून हाताळण्याचा जिन्नस आहे. तेलाखाली हवा नाही, लसणात आंबटपणा नाही. बोट्युलिझम या गंभीर अन्नविषबाधेच्या जीवाणूला नेमके हेच हवे असते. १९८५ साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे तेलातल्या चिरलेल्या लसणातून या आजाराची साथ उद्भवली होती. घरी केलेले असे तेल फ्रीजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवावे.

उघडलेल्या डब्यातला उरलेला माल काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या झाकणाच्या भांड्यात काढावा. आंबट पदार्थात पत्र्याचा धातू उतरतो आणि चव बिघडते. वेगळे केलेले अंड्याचे पांढरे फ्रीजमध्ये दोन ते चार दिवस टिकते, शिजवलेले उरलेले अन्न तीन ते चार दिवस. पावावर बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढाच तुकडा काढून भागत नाही, कारण तिचे तंतू आत पसरलेले असतात. बटाटे अंधारात, कोरड्या जागी आणि कांद्यांपासून दूर ठेवावेत.

फ्रीज ४ अंशांवर किंवा त्याखाली असावा. दाराचे कप्पे सर्वांत उबदार, म्हणून दूध आत ठेवावे. कच्चे मांस सर्वांत खालच्या कप्प्यात, म्हणजे त्याचे पाणी इतर अन्नावर ठिबकणार नाही. प्रत्येक डब्यावर तारखेची चिठ्ठी लावणे ही पाच सेकंदांची सवय इतर सगळ्या युक्त्यांपेक्षा उपयोगी आहे. फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांना जीवाणूंची वाढ थांबते, पण बहुतेक जीवाणू मरत नाहीत, म्हणून गोठलेले अन्न ओट्यावर न ठेवता फ्रीजमध्येच वितळू द्यावे. वीज गेली तर दार न उघडलेला फ्रीज सुमारे चार तास थंड राहतो, गच्च भरलेला फ्रीझर सुमारे ४८ तास.

लिस्टेरिया फ्रीजच्या थंडीतही हळूहळू वाढतो. गर्भवती, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी झालेल्या व्यक्तींसाठी तो विशेष घातक आहे, तेव्हा त्यांच्या पानात चौथ्या दिवसाचे अन्न वाढू नये.